फाशीची घोषणा सरकारला फुकटात पडते

3 फेब्रुवारी 2020 रोजी हिंगणघाटच्या नंदोरी चौकात, भर सकाळी, कॉलेजला निघालेल्या एका तरुण प्राध्यापिकेवर पेट्रोल टाकून तिला पेटवण्यात आलं. आठवडाभर ती नागपूरच्या रुग्णालयात झुंजली आणि 10 फेब्रुवारीला गेली. तेव्हापासून आमच्या वडनेर-हिंगणघाट पट्ट्यात एक वाक्य कायमचं मुक्कामाला आलं आहे. बसथांब्यावर, पानठेल्यावर, कापसाच्या गाडीवर, लग्नाच्या पंगतीत, कुठेही जा, ते ऐकू येतं : "लटकवा न त्याले, विषय संपवा!" दोन वर्षांनी, फेब्रुवारी 2022 मध्ये, हिंगणघाटच्या न्यायालयाने आरोपीला दोषी ठरवून जन्मठेप दिली, तेव्हाही लोकांनी समाधानाचा सुस्कारा सोडला नाही. "फक्त जन्मठेप?" असं विचारलं. मरेपर्यंत तुरुंगाच्या भिंती बघणं ही शिक्षा आम्हाला 'फक्त' वाटू लागली आहे.

या वाक्याचा मला मनस्वी वैताग आला आहे. ते दुःखातून येतं म्हणून त्याला कोणी हटकत नाही, आणि कोणी हटकत नाही म्हणून ते शहाणपण असल्यासारखं मिरवतं. त्याच्यामागचं सगळं म्हणणं आधी नीट मांडून घेतो, म्हणजे प्रतिपक्षावर अन्याय झाला अशी तक्रार नको. म्हणणं असं : नराधमाला जगण्याचा हक्क नाही. त्याला फाशी दिली की बाकीच्यांना दहशत बसते. जेलात ठेवून आमच्या पैशाने पोसायचं कशाला? तीन-तीन कोर्टं तपासतात, त्यात चूक होईलच कशी? मानवी हक्क वगैरे गोऱ्या लोकांची थेरं आहेत, आपल्या मातीत ती चालत नाहीत. आणि सगळ्यांत शेवटी, बोलणाऱ्याचं तोंड बंद करणारा टोला : "तुमच्या घरच्या पोरीसोबत झालं असतं तर?"

एकेक घेऊ.

पहिली दहशत. 20 मार्च 2020 रोजी दिल्लीच्या तिहारमध्ये निर्भया प्रकरणातल्या चौघांना एकाच वेळी फासावर चढवलं. त्याआधी कितीतरी महिने वाहिन्यांवर दोर, जल्लाद आणि तारखा यांचीच चर्चा होती. नंदोरी चौकात पेट्रोल पेटलं ते याच महिन्यांत. देशभर फाशीचा इतका गजर चालू असताना ज्याच्या डोक्यात सूड शिरला होता, त्याला त्या दोराची आठवण झाली का? ज्याला पकडलं जाण्याचीच पर्वा नव्हती, ज्याने भर चौक आणि भर सकाळ निवडली, तो शिक्षेचं कोष्टक वाचून घराबाहेर पडला असेल, असं मानणाऱ्याने माणूस बघितला आहे की फक्त सिनेमा?

दिल्लीच्या निर्भया घटनेनंतर नेमलेल्या न्यायमूर्ती जे. एस. वर्मा समितीने जानेवारी 2013 मध्ये अहवाल दिला. देश पेटलेला असतानाही तिने बलात्कारासाठी फाशी सुचवली नाही. सरकारने मात्र फाशीची तरतूद घातलीच. 2018 मध्ये बारा वर्षांखालच्या मुलींवरील बलात्कारासाठीही फाशी आली. मग 2019 साली बलात्काराच्या खटल्यांत शिक्षा होण्याचं प्रमाण किती होतं? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार 27.8 टक्के. म्हणजे निकाल लागलेल्या शंभर खटल्यांपैकी बहात्तरांत कोणालाच शिक्षा नाही. ज्या देशात सुटण्याची शक्यता शिक्षा होण्यापेक्षा अडीच पट आहे, तिथे शिक्षेची उंची वाढवून कोण घाबरणार? कुंपण जागोजागी तुटलं असताना फाटकाला मोठं कुलूप लावण्याचा हा प्रकार आहे.

याच विभागाचे आकडे आणखी एक गोष्ट दरवर्षी सांगतात आणि दरवर्षी आपण ती वाचायची टाळतो. बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून जास्त प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो : नातलग, शेजारी, घरमालक, लग्नाचं वचन देणारा. आता दहा वर्षांच्या मुलीने आईच्या कानात काकाचं नाव सांगितलं तर काय होईल? आजवर घरची अब्रू तिचं तोंड दाबत होती. आता "काकाला फासावर चढवशील काय?" हा प्रश्नही दाबायला आला. ज्या फाशीने मुलीला बळ मिळेल म्हणून आपण टाळ्या वाजवल्या, तीच तिच्या तक्रारीच्या आड उभी राहते. शिवाय बलात्काराला आणि खुनाला एकच शिक्षा असेल तर साक्षीदार जिवंत ठेवण्यात गुन्हेगाराचा फायदा काय, हेही फाशीवाल्यांनी एकदा सांगून टाकावं.

दुसरं, पोसण्याचं. हा मुद्दा आमच्याकडे "जेलात बिर्याणी चारता काय?" या शब्दांत येतो. ही बिर्याणी आली कुठून ते तरी माहीत आहे का? कसाबने तुरुंगात बिर्याणी मागितल्याची गोष्ट आपण स्वतः रचली होती, हे त्या खटल्यातले विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी 2015 मध्ये जाहीरपणे सांगितलं. कसाबबद्दल सहानुभूतीची लाट येऊ लागली होती, ती मोडायला, असं त्यांचं स्पष्टीकरण. हेच निकम पुढे हिंगणघाटच्या खटल्यात सरकारतर्फे उभे होते. वकिलाने गोष्ट रचली, मागे घेतली, आपण मात्र दहा वर्षं तिच्यावरच ताव मारतो आहोत.

खर्चाचाच हिशेब करायचा तर तोही करू. फाशीची शिक्षा उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. मग सर्वोच्च न्यायालय, मग फेरविचार, मग राज्यपाल, मग राष्ट्रपती, मग दयेच्या अर्जाला झालेल्या विलंबावर पुन्हा न्यायालय. कोल्हापूरच्या गावित बहिणींना 1996 मध्ये अटक झाली, 2001 मध्ये फाशी सुनावली गेली, 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. दयेचा अर्ज सरकारी टेबलांवर जवळपास आठ वर्षं पडून राहिला. शेवटी जानेवारी 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या विलंबावर बोट ठेवून फाशीची जन्मठेप केली. पंचवीस वर्षं वकील, फायली, सुनावण्या, पहारे, आणि हाती आली ती जन्मठेपच. ती 2001 मध्येच दिली असती तर तुमचे करदात्याचे पैसे वाचले नसते का?

"म्हणूनच तर झटपट फाशी हवी," असं यावर लगेच उत्तर येतं. ते आता तपासू, कारण सगळ्यांत भयंकर माल याच गोणीत आहे.

2003 साली नाशिकजवळ एका पेरूच्या बागेत राहणाऱ्या कुटुंबावर रात्री दरोडेखोर तुटून पडले. माणसं मारली, बलात्कार झाले. ऐकणाऱ्याचं रक्त उसळावं असाच गुन्हा. पोलिसांनी सहा जणांना धरलं. सगळे भटक्या जमातीतले, मजुरीवर जगणारे. 2006 मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची कायम केली, तिघांना जन्मठेप दिली. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, म्हणजे ज्याच्या पुढे देवाशिवाय कोणी नाही त्या न्यायालयाने, त्या तिघांनाही फाशीच योग्य ठरवली. तीन कोर्टं झाली. तुमची अट पूर्ण झाली. दोर वळायला घ्या.

पुढचं ऐका. 5 मार्च 2019 रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने त्या सहाही जणांना निर्दोष सोडलं. हल्ल्यातून वाचलेल्या महिलेने पोलिसांच्या फोटोंतून भलत्याच चौघांना ओळखलं होतं आणि त्या चौघांचा तपासच झाला नव्हता. सहापैकी एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. सोळा वर्षं गजाआड गेली. न्यायालयाने प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला लावली. तुमची 'झटपट फाशी' असती तर 2010 पर्यंत सहा निरपराध माणसं मेलेली असती आणि 2019 चा निकाल वाचायला त्यांच्यापैकी कोणी उरलं नसतं. पाच लाखांचे धनादेश कुठे पाठवले असते, स्मशानात? आणि ज्यांनी खरोखर ते घर उद्ध्वस्त केलं, ते कुठे होते? गुन्हा घडला, शिक्षा झाली, लोकांचं समाधान झालं, फक्त गुन्हेगार मोकळे राहिले. यालाच न्याय म्हणायचं?

"एखादी केस अशी असते," असं म्हणाल. मग नागपूरच्या कारागृहाकडे या, आमच्या गावातून बसने दोनेक तासांची वाट. तिथे राजस्थानातून पुण्यात आलेला एक मुलगा फाशीचा कैदी म्हणून वाढला. 1994 मधल्या खुनांसाठी त्याला फाशी झाली, 2000 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. मार्च 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं की गुन्ह्याच्या वेळी तो बारा वर्षांचा होता. अल्पवयीनाला फाशी देताच येत नाही. हे मान्य व्हायला अठ्ठावीस वर्षं गेली! तीन कोर्टांना माणसाचं वय कळलं नाही, आणि त्यांना माणसाचं अपराधीपण पूर्ण, निःसंशय, दोर आवळण्याइतकं कळतं असं आपण धरून चालतो.

मुंबईच्या 2006 च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यात 2015 मध्ये पाच जणांना फाशी झाली. जुलै 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दोषी ठरवलेल्या बाराही जणांना निर्दोष ठरवलं. सरकारने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, ते न्यायालय ठरवायचं ते ठरवेल. पण फाशीच्या त्या पाचांपैकी एक जण 2021 मध्येच नागपूर कारागृहात असताना करोनाने मेला. निकाल त्याच्या बाजूने लागला तेव्हा तो ऐकायला नव्हता. त्याला दोराने मारलं नाही हा निव्वळ योगायोग.

दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने 2016 मध्ये फाशीच्या कैद्यांचा देशभरचा अभ्यास प्रसिद्ध केला. सत्र न्यायालयांनी दिलेल्या फाशीच्या शिक्षांपैकी अखेरपर्यंत टिकल्या त्या शंभरातल्या जेमतेम पाच. शंभरातले जवळपास तीस तर वरच्या न्यायालयात पूर्ण निर्दोष सुटले. आणि हे कैदी कोण? चौघांतले तिघे आर्थिकदृष्ट्या दुर्बळ, चौघांतले तिघे मागास जातींचे किंवा अल्पसंख्याक. महागडा वकील ठेवण्याची ऐपत असलेल्या किती जणांना तुम्ही फासावर गेलेलं ऐकलं आहे? नावं सांगा, मी लिहून घेतो.

झटपट न्यायाचा सर्वांत झटपट नमुना डिसेंबर 2019 मध्ये हैदराबादजवळ झाला. बलात्कार आणि खुनाच्या चार संशयितांना पोलिसांनी पहाटे गोळ्या घातल्या. लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. दोन महिन्यांनी हिंगणघाट पेटलं तेव्हा आमच्याकडे ज्याच्या त्याच्या तोंडी हैदराबादच होतं. पुढे सर्वोच्च न्यायालयाने चौकशी आयोग नेमला, त्याचे अध्यक्ष आमच्याच विदर्भातले निवृत्त न्यायमूर्ती विकास सिरपूरकर. आयोगाने 2022 मध्ये सांगितलं की पोलिसांची कहाणी खोटी होती, गोळ्या मारण्याच्या हेतूनेच घातल्या होत्या आणि चौघांपैकी तिघे अल्पवयीन होते. फुलं उधळणाऱ्यांपैकी कोणी तो अहवाल वाचला? ज्या पोलिसाला आपण गोळी घालायची मुभा देतो, त्याच पोलिसाला उद्या आपल्या पोराला उचलताना आपण कुठलं कलम दाखवणार?

महाराष्ट्र सरकारनेही हाच मार्ग धरला. फाशीची तरतूद आणि दिवसांवर मोजलेला तपास, दिवसांवर मोजलेला खटला असं 'शक्ती' विधेयक डिसेंबर 2021 मध्ये विधिमंडळाने मंजूर केलं. सगळ्या पक्षांनी बाकं वाजवली. त्याला राष्ट्रपतींची संमती काही मिळाली नाही. पण ते विधेयक मांडणाऱ्यांचं काम मंजुरीच्या दिवशीच झालं होतं. मोर्चाला उत्तर मिळालं, मथळे आले. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत अडकलेले नमुने, न्यायाधीशांच्या रिकाम्या जागा, तक्रार घेऊन गेलेल्या बाईला "समजून घ्या, समेट करा" म्हणून परत पाठवणारं ठाणं, यांवर एक पैसा खर्च न करता सरकार कडक ठरलं. फाशीची घोषणा सरकारला फुकटात पडते. म्हणूनच ती सगळ्या सरकारांना इतकी आवडते.

नागपूरच्या कस्तुरबानगरचं उदाहरण फाशीवाले फार आवडीने देतात. 13 ऑगस्ट 2004 रोजी त्या वस्तीतल्या बायकांनी त्यांना छळणाऱ्या अक्कू यादव या गुंडाला न्यायालयाच्या आवारातच संपवलं. मी त्या बायकांना दोष देत नाही. पण त्या दिवशी जिंकलं कोण? वर्षानुवर्षं त्यांच्या तक्रारी पोलिसांनी कानाआड केल्या म्हणून त्यांच्यावर चाकू हाती घ्यायची पाळी आली. ज्याने पहिल्या तक्रारीवर कारवाई करायची होती, त्याच्या नाकर्तेपणाला आपण शौर्यकथा करून टाकलं. त्या वस्तीला दोर हवा होता की वेळेवर नोंदवलेली फिर्याद?

आणि खैरलांजी? भंडारा जिल्ह्यात 29 सप्टेंबर 2006 रोजी भोतमांगे या दलित कुटुंबातल्या चौघांना गावाने ठेचून मारलं. 2008 मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी दिली, 2010 मध्ये नागपूर खंडपीठाने ती पंचवीस वर्षांच्या जन्मठेपेवर आणली. पण दोन्ही न्यायालयांनी अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली दोष मानला नाही, यात जात नव्हतीच असं ठरवलं. जखम कुठे लागली? सहा गळ्यांना दोर लागला असता आणि निकालात जातीचा उल्लेखच नसता, तर कुटुंबातून मागे उरलेल्या भैयालाल भोतमांगे यांना न्याय मिळाला असता का? गुन्ह्याचं खरं नाव निकालपत्रात उतरणं हा न्याय असतो. फाशी ते नाव पुसायलाही वापरता येते : सहा माणसं वाईट होती, लटकवली, गाव निर्मळ झालं, व्यवस्था निर्मळ झाली, चला घरी.

आता तो गोऱ्यांच्या थेरांचा मुद्दा. हा ऐकून मला हसावं की रडावं कळत नाही. आपली फाशी आली कुठून? 1860 च्या भारतीय दंड संहितेतून, म्हणजे इंग्रजांच्या कायद्यातून. इंग्रजांनी स्वतःच्या घरी काय केलं? 1950 मध्ये त्यांनी टिमोथी इव्हान्स या तरुणाला मुलीच्या खुनासाठी फाशी दिली. तीन वर्षांनी कळलं की त्याच घरात राहणारा, आणि खटल्यात त्याच्याविरुद्ध साक्ष देणारा जॉन क्रिस्टी हा बायकांचे खून पाडणारा होता. 1965 मध्ये ब्रिटनने खुनासाठीची फाशी थांबवली, 1969 मध्ये कायमची काढली. इव्हान्सला 1966 मध्ये राजमाफी मिळाली, मरणानंतर सोळा वर्षांनी. शेकडो जणांना फासावर चढवणारा त्यांचा जल्लाद अल्बर्ट पियरपॉइंट याने 1974 मध्ये आठवणी लिहिल्या आणि आपल्या हातून झालेल्या एकाही फाशीने एकही खून टळला असं आपल्याला वाटत नाही, असा निर्वाळा दिला. दहशत बसते की नाही हे सांगायला त्याच्याहून जवळचा साक्षीदार कुठून आणायचा? साहेबाने फेकून दिलेला दोर आपण संस्कृती म्हणून उराशी धरला आहे, आणि तो सोडा म्हणणारा परकीय!

फ्रान्सची गोष्ट तर आपल्या पुढाऱ्यांनी पाठच करावी. 1977 पर्यंत तिथे गिलोटिन चालू होतं. 1981 ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक तोंडावर असताना फ्रान्स्वा मित्तराँ यांनी दूरचित्रवाणीवर सांगितलं की बहुसंख्य लोकांना मृत्युदंड हवा आहे हे मला माहीत आहे आणि तरीही मी त्याच्या विरोधात आहे. ते निवडून आले. त्यांचे न्यायमंत्री रॉबेर बादँतेर यांनी विधेयक मांडलं, 363 विरुद्ध 117 मतांनी ते संमत झालं आणि 9 ऑक्टोबर 1981 रोजी कायदा झाला. जनमत फाशीच्या बाजूने असताना! लोकांच्या रागामागे धावणं म्हणजे लोकशाही, असं समजणाऱ्या आपल्या आमदारांनी या तारखेकडे एकदा बघावं.

याच बादँतेर यांच्यापाशी त्या शेवटच्या टोल्याचं उत्तर आहे : "तुमच्या घरी झालं असतं तर?" त्यांच्या घरी झालं होतं. 1943 मध्ये लियाँ शहरात गेस्टापोचा अधिकारी क्लाउस बार्बी याच्या धाडीत त्यांचे वडील पकडले गेले आणि छळछावणीत मारले गेले. चाळीस वर्षांनी, 1983 मध्ये, हाच बार्बी कैदी म्हणून फ्रान्समध्ये आणला गेला तेव्हा न्यायमंत्री कोण होते? बादँतेर. दोनच वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःच्या हाताने मोडलेला मृत्युदंड परत मागितला नाही. बार्बीवर खटला चालला, 1987 मध्ये जन्मठेप झाली, आणि तो 1991 मध्ये कैदेतच मेला.

फ्रान्स लांब वाटत असेल तर वर्ध्यात या. सेवाग्रामच्या ज्या म्हाताऱ्याच्या नावावर या जिल्ह्याची ओळख चालते, त्याच्या मुलांच्या घरी काय झालं होतं? 30 जानेवारी 1948 ला त्यांचा बाप गोळ्या घालून मारला गेला. मारेकऱ्याची फाशी रद्द करा अशी विनंती मणिलाल आणि रामदास या गांधींच्या दोन मुलांनी केली. रामदास तेव्हा नागपुरात राहत. सरकारने ऐकलं नाही, 15 नोव्हेंबर 1949 ला अंबाल्यात फाशी झाली. पण बाप गमावलेल्या मुलांनी दोर नको म्हटलं होतं, ही नोंद कोणाला पुसता येणार नाही. मग "घरी झालं असतं तर" या प्रश्नाचं एकच उत्तर असतं असं कोणी ठरवलं? आणि समजा माझ्या घरी झालं, आणि मी सूडाने वेडा झालो, तर? तर त्या दिवशी मला न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवू नका. कायदा त्याच दिवसासाठी केलेला असतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जून 1949 मध्ये संविधान सभेत सांगितलं की फाशीच्या अपिलांची तजवीज करत बसण्यापेक्षा फाशीच रद्द करण्याला आपण पाठिंबा देऊ, आणि हा देश अहिंसा हे तत्त्व मानतो तर तेच त्याला शोभेल. गांधींच्या घरचे आणि आंबेडकर ज्या प्रश्नावर एका बाजूला आहेत, तिथे "आपल्या मातीत हे चालत नाही" म्हणणारे नेमके कुठल्या मातीतले?

या जिल्ह्यातल्या आष्टीचं नाव आपण 'शहीद' हा शब्द जोडून घेतो. 16 ऑगस्ट 1942, नागपंचमी. आष्टीत आणि तिकडे चिमूरला जमाव उसळला, गोळीबार झाला, माणसं मेली आणि जमावाच्या हातून पोलीस, अधिकारीही मेले. सरकारने खटले भरले, अनेकांना फाशी सुनावली. त्या वेळी या भागाने काय केलं? "लटकवा, विषय संपवा" म्हटलं का? नागपूरच्या अनसूयाबाई काळे यांनी ती माणसं वाचवायला जिवाचं रान केलं, गांधींनी रदबदली केली, आणि 1945 मध्ये फाशीची जन्मठेप झाली. लोक म्हणतील, ते देशभक्त होते, हे नराधम. पण इंग्रजांच्या कागदावर ते खुनीच होते. कोण नराधम आणि कोण शहीद हे निकालाच्या दिवशी सरकार लिहितं. कधी कधी ते चुकीचं लिहितं, आणि खोडून पुन्हा लिहायला माणूस जिवंत लागतो. आष्टीची माणसं जिवंत राहिली म्हणून घरी परतू शकली. हे ज्या जिल्ह्याने अनुभवलं, त्याने तरी दोर मागताना दहा वेळा विचार करावा.

हिंगणघाटच्या गुन्हेगाराला जन्मठेप झाली. त्याचा अपराध तसूभरही कमी न ठरवता समाजाने त्याला आपल्यातून कायमचं बाजूला केलं. यापुढे एक माणूस मारून काय साधणार होतं? ती मुलगी परत येणार नव्हती. उद्याचं पेट्रोल अडणार नव्हतं. फक्त आपण काहीतरी केलं असं आपल्याला वाटलं असतं, आणि जे खरोखर करायचं आहे ते पुन्हा राहिलं असतं.

म्हणून पुढच्या वेळी मोर्चा काढाल, आणि तसं घडेल तेव्हा काढायलाच हवा, तेव्हा मागण्यांचा कागद बदला. पाठलागाची पहिली तक्रार ज्या पोलिसाने टाळली त्याचं नाव मागा. तालुक्याच्या न्यायालयात न्यायाधीश मागा. प्रयोगशाळेचा अहवाल तारखेनिशी मागा. साक्षीदाराला संरक्षण मागा. जन्मठेप खरोखर भोगली जाते की नाही याचा हिशेब मागा. यातल्या प्रत्येक मागणीसाठी सरकारला पैसा आणि घाम खर्च करावा लागेल, म्हणूनच त्या मागायच्या. आणि फाशी? ती कायद्यातून कायमची काढून टाका. सगळ्यात वाईट माणसासाठीसुद्धा, एकही अपवाद न ठेवता.